देवासमोर उभं राहिलं की नेमकं नको तेच मनात येतं

(पत्र सहा पानी होतं. ओळख पटेल असं सगळं गाळून, निम्म्याहून कमी करून देते आहे.)

ताई,

मी ३१ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. सासर सातारा जिल्ह्यात. घरची देवपूजा सासूबाई करायच्या. त्यांचे गुडघे गेले तशी दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली, आणि मला आवडही होती. मागच्या श्रावणात एका सकाळी गणपतीला गंध लावताना मनात एकदम एक घाणेरडी शिवी आली. मी ती तोंडातून कधी काढलेली नाही. हातातलं गंध तसंच राहिलं. तेव्हापासून रोज. आता तर डोळ्यांसमोर अशी चित्रं येतात की ती लिहिताही येत नाहीत. मग मी अथर्वशीर्ष पहिल्यापासून म्हणते. मधे घाण विचार न येता शेवटपर्यंत गेलं तरच ते पोचलं असं वाटतं. कधी अकरा-बारा वेळा होतं. शाळेला उशीर होतो. शेवटी 'आवाहनं न जानामि' म्हणून क्षमा मागते, तीही पुन्हा पुन्हा, कारण क्षमा मागतानाच शिवी आली तर क्षमा कशी मिळेल?

आता नवीनच सुरू झालंय. मनात येतं, देव नसेलच तर? लगेच वाटतं, म्हणजे मी नास्तिक झाले, आणि मुलाला काही झालं तर ते माझ्यामुळे. रात्री सगळे झोपले की मोबाइलवर शोधत बसते, 'देवाबद्दल वाईट विचार आले तर पाप लागतं का'. नवऱ्याला दिवसातून दहा वेळा विचारते. तो म्हणतो, 'काही होत नाही गं.' पाच मिनिटं बरं वाटतं. एका गुरुजींनी शांत सांगितली, ती केली, आठ दिवस बरे गेले. शेजारच्या काकू म्हणतात, बाहेरचं काही आहे का बघून घे. यंदा गणपतीत तब्येतीचं निमित्त काढून मी माहेरी निघून गेले. मी मुळातच इतकी वाईट आहे का? कधी कधी वाटतं, असलं मन घेऊन जगण्यात काय अर्थ आहे?

– एक अपराधी

•

अगं, तुला तू म्हणते, चालेल ना? माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

तुझ्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, बाकी सगळं त्यानंतर. 'जगण्यात काय अर्थ' हे वैतागून लिहिलं असशील तर एक वेळ ठीक. पण मरणाचे विचार खरोखर येत असतील, तर आज रात्रीच नवऱ्याला तसं सांग, आडून आडून नको, सरळ शब्दांत. टेली-मानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पुढचं वाचण्याआधी तो नंबर मोबाइलमध्ये सेव्ह कर.

केलास? मग आता बोलू.

पत्रावरून निदान करता येत नाही, आणि मी डॉक्टर नाही. पंचवीस वर्षं समुपदेशनाचं काम केलं, एवढीच माझी शिदोरी. तरी तू लिहिलं आहेस ते इतकं ओळखीचं आहे की त्याचं नाव न घेणं म्हणजे तुझ्यापासून लपवणं होईल. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. मराठीत त्याला फार जुना शब्द आहे: मंत्रचळ. सारखे हात धुणाऱ्याला आपण चेष्टेत मंत्रचळ्या म्हणतो, पण शब्द जरा फोडून बघ. मंत्राच्या साधनेत काही चुकलं की माणसाचं डोकं चळतं, अशी जुनी समजूत होती, तिच्यातून तो आला. म्हणजे आपल्या लोकांनी या आजाराला नाव दिलं ते देवघरातला माणूस बघूनच की. कारण तेवढं उलटं धरलं. शंकेनं आधीच पछाडलेल्या माणसाला आपला प्रत्येक मंत्र चुकल्यासारखा वाटतो, असं ते आहे.

माझे एक चुलत आजोबा वाईला राहायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं तिकडे. सकाळी सहाला अण्णा संध्येला बसत. आमची न्याहारी व्हायची, नदीवर डुंबून आम्ही परत यायचो, तरी अण्णा पाटावरच. समोर पंचपात्री, पळी, ताम्हन. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः म्हणत तीनदा पाणी प्यायचं आणि गोविंदाय नमः म्हणून पळीभर पाणी ताम्हनात सोडायचं, एवढंच ते आचमन. अण्णा गोविंदायपर्यंत यायचे, पळी तिरपी करायचे आणि थांबायचे. पाणी सगळं पडलं का? का एक थेंब पळीला चिकटून राहिला? पळी अगदी डोळ्यांपाशी न्यायचे. मग पुन्हा केशवाय. पंचपात्री रिकामी झाली की आजी मागच्या मागे भरून ठेवायची, काही न बोलता. गावात केवढा मान! 'संध्या करावी तर अण्णांनी.' एकदा मी जेवायला बोलवायला गेले तर अण्णा रडत होते. आवाज नाही, नुसतं पाणी गळतंय, आणि पळी हातात तशीच धरलेली. मी नऊ-दहा वर्षांची. मला वाटलं भक्तीनं रडताहेत. घरात सगळ्यांना तसंच वाटायचं.

ते काय होतं हे मला कळलं तोवर माझी पस्तिशी उलटली होती आणि अण्णा कधीच गेले होते. तुझं अकराव्यांदा म्हटलेलं अथर्वशीर्ष वाचलं आणि मला ती पळी दिसली.

आता, असले विचार येतात कुणाला? जवळजवळ सगळ्यांना. लंडनमधल्या रॅकमन आणि डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये, कसलाही मानसिक आजार नसलेल्या माणसांना मनात येणारे नकोसे विचार सांगायला लावले. बहुतेकांकडे ते निघाले. मारामारीचे, लैंगिक, कसले कसले. ते विचार रुग्णांच्या विचारांत मिसळून ठेवले, तर कुठला कुणाचा हे जाणकारांनाही धड ओळखता येईना. तुझ्या शाळेतली एखादी बाई देवळात हात जोडून उभी असते तेव्हा तिच्याही मनात काहीतरी भलतंच चमकून जातं. ती 'श्शी, काहीतरीच' म्हणते, प्रसाद घेते, बाहेर येऊन चपला शोधते, तोवर विसरलेली असते. तू मात्र त्या विचाराची गचांडी धरतेस. कोण तू, कुठून आलास, तू आलास म्हणजे मी कोण?

आणि तो बरोबर जिथे दुखेल तिथेच येतो. मला आठवते एक नवी बाळंतीण. तिला गॅलरीत बाळ कडेवर असताना 'हे खाली टाकलं तर' असं आलं. त्या पोरीनं गॅलरीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली सासूकडे देऊन टाकली. बाळाची इतकी काळजी असलेली आई मी क्वचितच पाहिली. ज्याला देवाशी काही देणंघेणं नाही, त्याच्या मनात देवाबद्दल शिवी आली तर तो दचकेल कशाला?

ती माकडाची गोष्ट तू मुलांना सांगत असशीलच. वैद्यानं पुडी दिली आणि बजावलं, औषध घेताना माकड आठवायचं नाही. त्या बिचाऱ्याच्या डोक्यात जन्मात कधी माकड आलं नव्हतं, ते तेव्हापासून हलायला तयार नाही. तू रोज सकाळी आंघोळ करून, दिवा लावून, स्वतःला हेच बजावत देवासमोर बसतेस. मग माकड गंधाच्या वेळेलाच येणार, दुसरं कधी येणार?

पाप लागतं का, असं तू विचारलंस. याचं उत्तर मी एकदाच देईन. दुसऱ्यांदा विचारलंस तर देणार नाही, का ते पुढे येईलच.

नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई विठोबाला काय म्हणते? 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या.' पुढच्या ओळी मी इथे देत नाही, त्या कुठल्याही कजाग शेजारणीला मागे टाकतील अशा आहेत. आणि शेवटी स्वतःच कबूल करते, अंगणात उभी राहून 'शिव्या देत दासी जनी'. मनात नव्हे हं, तोंडानं. साडेसहाशे वर्षांहून जास्त काळ झाला, वारकऱ्यांनी तिचं नाव टाकलं नाही आणि तो अभंगही टाकला नाही. दुसरं उदाहरण तर तूच पत्रात लिहिलंस. 'आवाहनं न जानामि', मला आवाहन येत नाही, अर्चन येत नाही, पूजा येत नाही, क्षमा कर. पुढे 'मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं', मंत्र चुकले, क्रिया चुकली, भक्तीसुद्धा कमी पडली, तरी हे पूर्ण झालं असं मानून घे. म्हणजे ज्यांनी ही पूजा बसवली त्यांनी धरूनच चाललं होतं की माणसाचं चित्त भरकटणार, काही ना काही सुटणार. त्याची सोय म्हणून शेवटी ही प्रार्थना ठेवली. ती एकदा म्हणायची असते.

झालं माझं उत्तर. आता याचं तू काय करशील तेही सांगते. या परिच्छेदाचा मोबाइलवर फोटो काढशील. उद्या शिवी आली की उघडून वाचशील आणि हायसं वाटेल. चार दिवस हे चालेल. पाचव्या दिवशी मनात येईल, जनाबाई संत होती, तिच्या शिव्या प्रेमाच्या होत्या, माझ्या कशावरून? मग जनाबाईही पुरायची नाही.

अगं, इथेच तर सगळी गोम आहे. तुला वाटतं तुझं भांडण देवाशी लागलंय. मला तसं दिसत नाही. तुझं देणं लागलंय ते खात्री नावाच्या सावकाराचं. तो दारात येतो, 'नक्की का?' म्हणतो. तू घाईघाईनं एक अथर्वशीर्ष देतेस, तो जातो, तुझा जीव भांड्यात पडतो. पण ते नुसतं व्याज असतं. दुसऱ्या दिवशी तो परत येतो आणि आता त्याला दोन हवी असतात. मग नवऱ्याचं 'काही होत नाही', मग रात्रीचा मोबाइल, मग शांत, मग माहेर. मुद्दल होतं तेवढंच राहतं. शांत केल्यावर आठ दिवस बरे गेले ना? मोठा हप्ता होता, म्हणून आठ दिवस. बरं, या जगात कुणाला खात्री असते? मुलगा संध्याकाळी शाळेतून नीट घरी येईल याची तुझ्या शेजारणीला खात्री आहे का? नाही. तिला ती नसल्याचं भान नाही, एवढंच.

'देव नसेलच तर' हा प्रश्न मात्र मी झटकून टाकणार नाही. तो चांगला प्रश्न आहे. महाराष्ट्रात तो विचारणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, आगरकर उघडउघड अज्ञेयवादी होते. उद्या तुला शांतपणे वाटलं की आपला विश्वास उरला नाही, तर तुझ्यावर आभाळ कोसळणार नाही. विश्वास पक्का झाला तरी उत्तम. पण अशी खरी शंका निवांत असते. ती चहा घेते, वाचते, कुणाशी वाद घालते, महिनोन् महिने तशीच पडून राहते आणि माणूस मजेत जगतो. तुझ्या शंकेला उत्तर आत्ता, याच मिनिटाला हवं असतं, आणि मिळालं की ते पटत नाही. अशा प्रश्नावर विचार करून काही हाती लागत नाही, कारण तो विचार करण्यासाठी पडलेलाच नाही. रात्री एक वाजता मोबाइलवर देवाच्या अस्तित्वाचा निकाल लागल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

हे आपल्याच धर्मात आहे असंही समजू नकोस. मुसलमान घरांत याला वसवसा म्हणतात. वुजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणं, नीट झाली की नाही या शंकेनं माणूस नळापाशीच अडकतो आणि नमाजाची वेळ टळते. जेझुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ च्या सुमाराला स्पेनमधल्या मान्रेसा गावात असाच अडकला होता. एकदा कबुली देऊन झालेली पापं पुन्हा आठवायची, अमकं सांगायचं राहिलं असं वाटायचं, परत कबुली. जीव द्यावा असंही त्याच्या मनात यायचं. शेवटी त्यानं ठरवलं, जुन्या पापांची कबुली आता पुन्हा द्यायची नाही. बस. तिथून तो सुटत गेला. (जुन्या गोव्यात ज्याचं शव आहे तो फ्रान्सिस झेवियर याच लोयोलाचा साथीदार.) ख्रिस्ती मंडळी या छळाला 'स्क्रुपल' म्हणतात, त्या शब्दाचा लॅटिनमध्ये मूळ अर्थ आहे अणकुचीदार बारीक खडा. चपलेत गेलेला.

उपचाराकडे येऊ. आज या आजारावर जी पद्धत सर्वात भरवशाची मानतात, तिची सुरुवात लंडनमधल्या व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञापासून झाली. १९६६ मध्ये त्यानं दोन रुग्णांबद्दल लिहिलं. त्यातल्या एका बाईला कित्येक वर्षं पवित्र आत्म्याबद्दल असे अचकट विचार येत की ती एकेक साधं काम पुन्हा पुन्हा करत बसे. तुझीच बहीण समज. म्हणजे हे औषध तुझ्यासारखीच्याच घरून निघालंय.

पद्धतीचं नाव ईआरपी, म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. सांगायला सोपी, करायला अवघड. विचार येऊ द्यायचा, आणि त्यानंतरचा उतारा टाकायचा नाही. उतारा हा शब्द मी मुद्दाम वापरते. पुन्हा म्हटलेलं अथर्वशीर्ष, दहाव्यांदा मागितलेली क्षमा, नवऱ्याला विचारणं, मोबाइल, मनातल्या मनात 'मी असं म्हटलं नाही, म्हटलं नाही' करणं, हे सगळे उतारेच. आणि माहेरी जाणं हा सगळ्यात मोठा.

हे शिकवणाऱ्या माणसाबरोबर करायचं, एकटीनं नाही. तरी कसं असतं ते कळावं म्हणून एक सकाळ सांगते. तू अथर्वशीर्ष म्हणते आहेस. 'त्वमेव केवलं कर्ताऽसि' पाशी शिवी येते. थांबायचं नाही, मागे जायचं नाही, तो शब्द शुद्ध करून परत म्हणायचा नाही. शिवीसकट पुढे. शेवट आला की हात जोडायचे, उठायचं आणि मुलाचा डबा भरायला घ्यायचा. छाती धडधडेल, पोटात गोळा येईल, देवघराकडे पाय ओढतील. ओढू देत. पोळी लाटायला हात मोकळे आहेत ना? तो सावकार दाराशी उभा राहून म्हणेल, 'मुलाला काही झालं म्हणजे?' त्याला 'नाही होणार' म्हणू नकोस, तो वाद तू हरशील. म्हण, 'होईलही, नाहीही होणार, मला माहीत नाही. पोळी करपतेय.' पहिल्या दिवशी ही तगमग तासभर टिकेल, शाळेच्या फाटकापर्यंतही येईल. पुढे पुढे ती आपोआप उतरायला लागते. पण ती उतरली का हे सारखं तपासत बसलीस तर तोही उतारा झाला, लक्षात ठेव.

अशा पायऱ्या करत जातात. आधी एकदाच पाठ. मग शिवी आली असतानाही गंध लावणं. मग ज्या मूर्तीकडे बघायचं टाळतेस तिच्याकडे शांतपणे बघत बसणं. शेवटच्या पायरीवर पुढच्या वर्षीचे गणपती असतील, तुझ्याच घरात, उकडीच्या मोदकांचं पीठ तुझ्याच हातात. कुठलाही चांगला थेरपिस्ट तुला देवाची विटंबना करायला लावणार नाही. लावली तर उठून ये. कुठवर जायचं याचं माप सोपं आहे: तुझ्या आळीतली साधी सश्रद्ध बाई जेवढं करते तेवढं. ती अथर्वशीर्ष एकदा म्हणते, मधे कुकरची शिट्टी मोजते, आणि पूजा झाली असं समजते.

घरातलं कुणी म्हणेल, 'मग काही दिवस पूजा बंदच ठेव.' नको. आजवर दुप्पट करत होतीस, आता शून्य करशील, दोन्हीकडे मालक तोच राहील.

आता पुढचा थोडा भाग नवऱ्याला वाचायला दे.

बाबा रे, तू चांगला माणूस आहेस हे पत्रावरून दिसतंय. दहादा विचारलं तरी चिडत नाहीस. पण माझी आजी पंचपात्री भरून ठेवायची ना, तसं तुझं 'काही होत नाही गं' चाललंय. तुझ्या मायेनंच पंचपात्री रिकामी होत नाही. दोघांनी चांगल्या वेळी बसून ठरवा, भांडणात नाही, की तिनं हा प्रश्न विचारला तर तू उत्तर देणार नाहीस. म्हणायचं एवढंच: 'हा मंत्रचळाचा प्रश्न दिसतोय, याला मी उत्तर देत नाही. तुला त्रास होतोय ते कळतंय. चल, जरा फिरून येऊ.' पहिले काही दिवस ती रडेल, तुला दगड म्हणेल. आवाज चढवू नकोस आणि पाघळूही नकोस. एकदम सगळं बंद करायचं नाही, दहाचं सातवर, सातचं चारवर आणा. आणि तिला टोमणा म्हणून 'मंत्रचळ' हा शब्द वापरलास तर माझ्याशी गाठ आहे.

पुन्हा तुझ्याकडे. औषधांची भीती वाटत असेल. या आजारावर फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन अशी औषधं वर्षानुवर्षं वापरात आहेत. झोपेच्या गोळ्या नव्हेत त्या, आणि त्यांची सवय लागते म्हणतात तेही खरं नाही. पण त्या दोन दिवसांत काही करत नाहीत. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, आणि मंत्रचळाला बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त डोस लागतो. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडून देणारे मी ढिगानं पाहिलेत. सुरू करायची, वाढवायची, थांबवायची ती डॉक्टरांना विचारूनच. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर पहिल्याच भेटीत सांग. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, जाण्याआधी ओपीडीचा वार विचारून घे. खासगी डॉक्टर गाठलास तर थेट विचार, 'ईआरपी करता का, किंवा करणारं कुणी माहीत आहे का?' सगळेच करत नाहीत. आणि गेल्यावर लाजू नकोस. आलेली शिवी, दिसलेली चित्रं, सगळं जसंच्या तसं सांग. त्यांनी ती आधी पन्नास जणांकडून ऐकलेली असतात. 'मला टेन्शन येतं' एवढंच सांगितलंस तर टेन्शनचीच गोळी घेऊन घरी येशील.

शेजारच्या काकूंचं बाहेरचं-बिहेरचं सोडून दे, त्यावर शाई घालवत नाही. गुरुजींबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी त्यांच्या परीनं सांगितलं. एखादे समजूतदार गुरुजी ओळखीचे असतील तर एकदाच जा आणि विचार, साधी रोजची पूजा किती असावी? ते सांगतील तेवढी कर. दुसऱ्यांदा विचारायला जायचं नाही, दुसऱ्या गुरुजींकडे तर नाहीच.

सासूबाईंना सांगायचं की नाही, हे तुझ्यावर. मी तुझ्या जागी असते तर सांगितलं असतं. गुडघे गेले असले तरी त्यांचं पूजेवर लक्ष असणार, आणि तू बारा वेळा तेच म्हणतेस हे त्यांच्या कानांवर इतके दिवस पडत नसेल असं मला वाटत नाही. कदाचित त्याही गप्प बसून पंचपात्री भरत असतील.

अण्णांची ती पळी आज माझ्याकडे आहे. चिंचेनं घासून ठेवते, पूजेला वापरत नाही, मीठ काढायला वापरते. आईला हे कळलं असतं तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं.

हे उत्तर एकदा वाच आणि अंक रद्दीत टाक. उलट टपाली लिहायचं झालं तर 'पण ताई, माझ्या बाबतीत…' अशी सुरुवात असलेलं पत्र मी उघडणार नाही. डॉक्टरांची वेळ कोणत्या तारखेची मिळाली, तेवढं कळव. आणि खाली सही करताना तुझं खरं नाव लिही, 'अपराधी' नको. मी छापणार नाहीच, पण मला माहीत असू दे.